किटेल आधी टाइम ट्रायलचा गडी होता

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा १६ वर्षांचा, उंच, हाडापेराने दणकट. सपाट रस्त्यावरच्या २० किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत, त्याच्या वयाच्या पोरांत त्याला कोणी गाठत नाही, पण घाट लागला की मागे पडतो. क्लबमधले जाणते म्हणतात, "हा मार्सेल किटेलच्या अंगाचा आहे. टाइम ट्रायल बंद करा, जिम लावा, आत्तापासूनच स्प्रिंटर घडवा." किटेल म्हणजे जर्मनीचा गाजलेला स्प्रिंटर, शेवटच्या रेषेजवळ एकदम वेग घेऊन जिंकणारा. तुम्हाला जाणून घ्यायचंय की किटेलने स्वतः या वयात काय केलं होतं.

या वयात किटेल टाइम ट्रायल मारत होता. आणि १७व्या वर्षी त्यातच ज्युनिअर गटात जग जिंकला. तेव्हा त्याच्याकडे स्प्रिंटर म्हणून कोणी बघत नव्हतं. म्हणजे तुमच्या मुलाला जे बंद करायला सांगतायत, त्यावरच किटेल उभा राहिला. गेली २० वर्षं मी ज्युनिअर पोरांना रस्त्यावर घडवतोय आणि या एका खेळाडूच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल मला पुन्हा पुन्हा बोलावं लागतं, कारण आपल्याकडे सगळ्यांनी बघितलाय तो २०१३ नंतरचा किटेल. त्याआधीची ८-१० वर्षं फारशी कोणी बघितलेली नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किटेलचा जन्म ११ मे १९८८चा, पूर्व जर्मनीतल्या आर्नश्टाटचा. थुरिंगिया प्रांतातलं हे जुनं गाव. योहान सेबास्टियन बाख तरुणपणी इथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. किटेल दीड वर्षाचा असताना बर्लिनची भिंत पडली आणि त्याचा देशच बदलला. पण त्या भागात सायकलिंगची परंपरा जुनी आहे. १९८८च्या ऑलिंपिकमध्ये रोड रेसचं सुवर्ण आणि १९९०च्या तूर द फ्रान्समध्ये हिरवी जर्सी (स्प्रिंटच्या गुणांत पहिल्या आलेल्याची) मिळवणारा ओलाफ लुडविग याच थुरिंगियातल्या गेराचा. किटेलच्या घरातही खेळ होता. वडील सायकलपटू, आई उंच उडी मारणारी. तो स्वतः आधी अॅथलेटिक्स करायचा आणि सायकलवर आला १३व्या वर्षी. हे वय लक्षात ठेवा. आपल्याकडे आठव्या वर्षी शर्यतीची सायकल घेऊन देणारे पालक बाराव्या वर्षी "आता उशीर झाला का?" म्हणून विचारतात. किटेलने त्या वयापर्यंत धावणं आणि उड्या मारणं केलं होतं. त्याच्या पायातला स्फोट तिथे तयार झाला असावा, असा माझा प्रशिक्षक म्हणून अंदाज आहे.

पुढे चारच वर्षांत, २००५ मध्ये, ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला तो ज्युनिअर टाइम ट्रायलचा विश्वविजेता झाला. २००६ मध्ये बेल्जियममधल्या स्पा इथे पुन्हा तोच. लागोपाठ दोन वर्षं.

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. त्या काळी ज्युनिअरांना गिअरची मर्यादा होती. पॅडलचा एक पूर्ण फेरा मारल्यावर सायकल ७.९३ मीटरपेक्षा जास्त पुढे जाता कामा नये, म्हणजे साधारण पुढच्या चक्राला (चेनरिंग) ५२ दात आणि मागच्याला १४. तपासणीची पद्धत अगदी साधी होती. जमिनीवर दोन रेघा मारलेल्या असतात. पंच सगळ्यात जड गिअर टाकायला लावतात, क्रँक सरळ खाली आणतात आणि सायकल मागे ढकलत एक फेरा मोजतात. चाक दुसऱ्या रेघेच्या पुढे गेलं की तो गिअर चालत नाही.

आता हिशोब करा. ताशी ५० किलोमीटरने जायचं म्हणजे मिनिटाला ८३३ मीटर. एका फेऱ्याला ७.९३ मीटर धरले तर मिनिटाला १०५ फेरे. जड गिअर टाकून मांडीच्या जोरावर रेटायची सोयच नाही. त्या वेगाने जायचं तर पाय फिरवावेच लागतात, तेही सलग, कंबर न हलवता, पाठ सपाट ठेवून. मोठ्या अंगाचा पोरगा या मर्यादेत राहून जग जिंकतो, याचा अर्थ त्याच्याकडे नुसती ताकद नव्हती, त्याचे पाय हलके होते.

आणि स्प्रिंटमध्ये काय लागतं? व्यावसायिक शर्यतीत शेवटच्या २०० मीटरला वेग ताशी ६५ ते ७० किलोमीटरच्या घरात असतो. समोर ५३, मागे ११ टाकले तर एका फेऱ्याला साधारण १०.२ मीटर मिळतात. ६८च्या वेगाला मिनिटाला १११ फेरे होतात. गिअर बदलला तरी पायांची लय जवळजवळ तीच. १७व्या वर्षी टाइम ट्रायलमध्ये जी लय अंगात मुरली, तीच पुढे स्प्रिंटमध्ये कामाला आली. आपल्याकडचे १६ वर्षांचे पोर सपाटीवरही ५३-११ टाकून मिनिटाला ७० फेऱ्यांनी घासत असतं आणि बाजूने काका ओरडतात, "काय ताकद आहे बघा!" ती ताकद नव्हे, गुडघ्यांचं नुकसान आहे.

ज्युनिअर संपल्यावर किटेल थेट मोठ्या संघात गेला नाही. २००७ ते २०१०, पूर्ण चार वर्षं, तो थ्युरिंगर एनर्जी या २३ वर्षांखालच्या मुलांच्या संघात होता. ही त्या भागातली मुलं घडवणारी जागा. टोनी मार्टिन तिथूनच गेला, जो पुढे टाइम ट्रायलमध्ये चार वेळा सीनिअर विश्वविजेता झाला. पुढे मोठा स्प्रिंटर झालेला आंद्रे ग्रायपेलही आधी थुरिंगियाच्या याच व्यवस्थेतून पुढे गेला होता. किटेलच्या बरोबरीचा तिथला साथीदार म्हणजे जॉन डेगेनकोल्ब. २००९ मध्ये किटेल २३ वर्षांखालच्या गटात टाइम ट्रायलचा युरोपीय विजेता झाला. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात जीलाँगच्या जागतिक स्पर्धेत त्याच गटात तिसरा आला. पुढे होते टेलर फिनी आणि ल्यूक डरब्रिज. त्याच स्पर्धेत डेगेनकोल्ब रोड रेसमध्ये दुसरा आला. या चार वर्षांतलं किटेलचं मोठं नाव टाइम ट्रायलमधलंच आहे, हे बघा.

या काळात जर्मनीत सायकलिंगचं जे चाललं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. डोपिंगच्या प्रकरणांनी तिथला खेळ पार हादरला होता. मोठ्या जर्मन संघांपैकी टी-मोबाइलचा प्रायोजकाने २००७च्या शेवटी हात काढून घेतला, गेरोल्श्टाइनर २००८ नंतर बंद झाला, मिल्राम २०१० नंतर. म्हणजे किटेल व्यावसायिक व्हायला निघाला, तेव्हा वरच्या दर्जाचा एकही जर्मन संघ उरला नव्हता. जर्मनीच्या सरकारी वाहिन्यांनी २०११ नंतर तूरचं थेट प्रक्षेपणही थांबवलं; त्यांपैकी एआरडी या वाहिनीवर ते परतलं २०१५ मध्ये. एका पूर्ण पिढीला आपल्याच देशात दार बंद होतं. किटेल, डेगेनकोल्ब, मार्टिन ही मंडळी स्वच्छ खेळाबद्दल जाहीरपणे आणि ठामपणे का बोलत राहिली, त्यामागे हा काळ आहे. त्यांच्या विजयाकडे घरचेच लोक संशयाने बघत होते. मला या पिढीबद्दल मनापासून आदर आहे.

तर घरचा संघ नाही म्हणून २०११ मध्ये किटेल एका डच संघात गेला. स्किल-शिमानो. दुसऱ्या दर्जाचा, लहान पैशाचा संघ. तिथे स्प्रिंटर म्हणून केनी व्हान हुमेल आधीपासून होता. किटेल आला तो टाइम ट्रायलवाला म्हणून. वेगात लांब ओढणारा गडी प्रत्येक संघाला हवाच असतो.

जानेवारीतच मलेशियातल्या तूर द लंकावीमध्ये त्याने एक टप्पा सगळ्या घोळक्याच्या स्प्रिंटमध्ये जिंकला. पहिल्या मोसमातला पहिलाच महिना. मे महिन्यात फ्रान्समध्ये डंकर्कच्या शर्यतीत ४ टप्पे. ऑगस्टच्या सुरुवातीला तूर द पोलोन्यमध्ये सातपैकी ४ टप्पे, आणि ही वर्ल्ड टूरची, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची शर्यत, समोर मोठे संघ. मग लगेच स्पेनची वुएल्ता, त्याची पहिलीच तीन आठवड्यांची शर्यत. २६ ऑगस्टला सातव्या टप्प्यात तालाव्हेरा दे ला रेना गावात तो पहिला आला. मागे पीटर सागान आणि ऑस्कर फ्रेरे. फ्रेरे म्हणजे तीनदा सीनिअर विश्वविजेता झालेला माणूस. मोसम संपला तेव्हा किटेलच्या नावावर १७ विजय होते. वय २३.

हे एका रात्रीत झालं असं वाटतं ना? म्हणूनच लोक म्हणतात की स्प्रिंटर जन्मावा लागतो. अर्धं खरं आहे. पायात वेगवान स्नायू किती, हे आईबापांकडूनच येतं. पण रस्त्यावरची स्प्रिंट ताज्या पायांनी होत नाही. ती होते २०० किलोमीटर मारल्यानंतर. शेवटचा तास पेलोटन, म्हणजे शर्यतीतला मुख्य घोळका, ताशी ४५ ते ५०ने पळत असतं. ज्याची सलग ओढायची क्षमता कमी, तो त्या तासाभरात आपल्या मर्यादेच्या काठावर असतो; स्नायूंमधली साखर जळत जाते, आणि जे वेगवान स्नायू शेवटच्या १२ सेकंदांसाठी जपायचे, ते आधीच वापरले जातात. टाइम ट्रायलवाल्याला तोच वेग आरामाचा. किटेल शेवटच्या किलोमीटरला पोचायचा तेव्हा त्याच्याकडे इतरांपेक्षा जास्त शिल्लक असायचं. शिवाय त्याची स्प्रिंट लांब चालायची. त्या काळचा सगळ्यात गाजलेला ब्रिटिश स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश बुटका, खाली वाकून एका झटक्यात उसळणारा. किटेल १ मीटर ८८ उंचीचा, ८० किलोच्या वरचा. त्याचा वेग चढायला क्षणभर जास्त लागायचा, पण एकदा चढला की रेषेपर्यंत उतरायचा नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तुमच्या मुलाशी तिचा थेट संबंध आहे. १७ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे होता. २०० मीटरला असा सुटायचा की मोठे गडी बघत राहायचे. मी त्याची लांब रायडिंग कमी केली, टाइम ट्रायल बंद केली, जिम आणि स्प्रिंट एवढंच ठेवलं. सरावात तो दर महिन्याला वेगवान होत गेला. आणि ११० किलोमीटरच्या शर्यतीत ९०व्या किलोमीटरला पेलोटनमधून सुटायला लागला. ज्या स्प्रिंटसाठी त्याला तयार केला, तिथपर्यंत तो पोचायचाच नाही. दोन मोसमांत कंटाळून त्याने सायकल सोडली. त्या मुलाकडे काही कमी नव्हतं, मी त्याला चुकीचं शिकवलं.

आता संघाबद्दल, कारण किटेलच्या वाढीतला दुसरा अर्धा वाटा संघाचा आहे. स्किल-शिमानो म्हणजे पुढचा आर्गोस-शिमानो. व्यवस्थापक इवान स्पेकेनब्रिंक यांनी २०११चे विजय बघितल्यावर पुढची पायरी ठरवली: या पोराभोवती ट्रेन बांधायची. ट्रेन म्हणजे लीड-आउट. शेवटच्या ३-४ किलोमीटरमध्ये संघाचे गडी एकामागे एक लागतात, पुढचा पूर्ण दम लावून ओढतो आणि बाजूला होतो, मग दुसरा, मग तिसरा. स्प्रिंटर सगळ्यात मागे, वाऱ्यापासून झाकलेला. पुढच्याच्या चाकाला नीट लागलं तर एकतृतीयांश किंवा त्याहून जास्त मेहनत वाचते. रॉय कर्व्हर्स, आल्बर्ट टिमर, कून दे कोर्ट आणि सगळ्यात शेवटी टॉम व्हेलर्स. यांपैकी कोणी मोठा तारा नव्हता. पण प्रत्येकाला आपले ४०० मीटर कुठून कुठपर्यंत, हे पाठ होतं. २०१२ मध्ये डेगेनकोल्बही या संघात आला. दोघंही जोरदार फिनिशवाले, पण शर्यत बघून कोण कोणासाठी ओढणार हे ठरायचं; जुनी ओळख तिथे उपयोगी पडली.

२०१२च्या एप्रिलमध्ये बेल्जियमची शेल्डेप्राइस त्याने जिंकली. पुढे ती शर्यत त्याने एकूण पाचदा जिंकली, हा विक्रम आहे. आणि मग त्याच वर्षी पहिली तूर द फ्रान्स. सगळ्यांनी खूप अपेक्षा ठेवल्या होत्या. लिएजला शर्यत सुरू झाली आणि पोट बिघडलं. खाल्लेलं टिकेना. रोज मागे रेंगाळत, एकटा, वेळेच्या मर्यादेशी झगडत तो चालत राहिला आणि पाचव्या टप्प्यात सायकलवरून उतरला. एकही स्प्रिंट न खेळता. संघाने तेव्हा घाबरून काही बदललं नाही. ट्रेन तीच ठेवली, योजना तीच ठेवली. मला ही गोष्ट त्यांच्या सगळ्या विजयांपेक्षा मोठी वाटते.

२०१३ची तूर कॉर्सिका बेटावर सुरू झाली. २९ जूनला पहिला टप्पा, पोर्तो-व्हेकियो ते बास्तिया. तो दिवस अनेकांना आठवत असेल: एका संघाची बस शेवटच्या रेषेवरच्या कमानीखाली अडकली, आयोजकांनी शेवट ३ किलोमीटर अलीकडे घेतला, बस निघाल्यावर पुन्हा मूळ जागी नेला, आणि त्या गोंधळात मोठा अपघात होऊन कॅव्हेंडिश, ग्रायपेल, सागान मागे राहिले. किटेल जिंकला, एकूण शर्यतीत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी अंगावर आली. लोक म्हणाले, नशीब. दहाव्या टप्प्यात सँ-मालोला त्याने ग्रायपेलला आणि कॅव्हेंडिशला मागे टाकलं, तरी काही जण नशीबच म्हणत राहिले.

बाराव्या टप्प्यानंतर मात्र तसं म्हणायची सोय उरली नाही. फुजेर ते तूर शहर, २१८ किलोमीटर. शक्य झालं तर या शेवटाची चित्रफीत मुलाला शेजारी बसवून दाखवा, आणि एक-दोनदा नव्हे, दहादा दाखवा. कॅव्हेंडिशची ट्रेन अगदी बिनचूक चालली आहे. त्याचा शेवटचा माणूस गेर्ट स्टीगमान्स त्याला हवं तिथे आणून सोडतो. कॅव्हेंडिश सुटतो. आजवर असा सुटलेला कॅव्हेंडिश फार क्वचित हरला होता. किटेल त्याच्या चाकाला लागलेला आहे. तो घाई करत नाही. त्याच्या खांद्यांकडे बघा, ते हलत नाहीत. डोकं खाली, पाठ सपाट, अगदी टाइम ट्रायलच्या पोझिशनसारखी. मग तो बाजूला निघतो, वाऱ्यात येतो, आणि कॅव्हेंडिशच्या बरोबरीला येऊन इंच इंच पुढे सरकत राहतो. शेवटी अर्ध्या चाकाने पुढे. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाची उसळी संपत आलेली आहे आणि याचा वेग अजून टिकून आहे. साल्झबुर्ग आणि स्पाची ती दोन वर्षं मला या शेवटच्या ५० मीटरमध्ये दिसतात. तिथून दहा दिवसांनी पॅरिसमध्ये शाँज-एलिजेवर चौथा टप्पा जिंकला आणि तिथे २००९पासून सलग चार वर्षं जिंकणाऱ्या कॅव्हेंडिशची मालिका तोडली.

त्या दोन विजयांच्या मधे काय होतं, हेही सांगायला हवं, कारण तुम्हाला घाटाची काळजी आहे. मधे आल्प्स होते. अठराव्या टप्प्यात तर आल्प द्युएझचा घाट एकाच दिवसात दोनदा चढायचा होता. ८० किलोच्या वरचं शरीर घेऊन किटेल तिथे पुढे राहण्याचा प्रश्नच नव्हता. असे सगळे जड गडी मागे एक घोळका करून चढतात; युरोपात त्या घोळक्याला "बस"च म्हणतात. विजेत्याच्या वेळेनंतर ठरावीक मिनिटांत पोचायचं, नाही तर बाद. तिथे लागतो तो सलग एका दमाने ओढायचा सराव. म्हणजे घाटात जिंकायचं नाही, पण घाटातून जिवंत बाहेर पडायचं, आणि त्याचं तंत्र पुन्हा टाइम ट्रायलचंच: आपला आकडा ओळखायचा आणि त्याच्या वर जायचं नाही. तुमचा मुलगा घाटात मागे पडतो ते वजनामुळे आहे की सुरुवातीलाच सगळ्यांबरोबर जोरात निघून दम घालवतो म्हणून, हे आधी बघा. या वयात बहुतेक वेळा दुसरं कारण असतं. बोरघाटात त्याला एकट्याला सोडा, पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू जायला सांगा, आणि वरपर्यंतची वेळ मोजा.

बाकी तुमच्या बाबतीत मी काय करेन ते लिहितो. टाइम ट्रायल अजिबात बंद करू नका, निदान १९-२०व्या वर्षापर्यंत. नियम काहीही असो, सरावात ५२-१४च्या वर गिअर टाकू देऊ नका. तुमच्या मेकॅनिककडून मागची छोटी चक्रं डिरेलरच्या लिमिट-स्क्रूने बंद करून घ्या, म्हणजे मोह होणार नाही. स्प्रिंट आठवड्यातून एकदाच, १० ते १२ सेकंदांच्या पाच-सहा, पण रायडिंगच्या सुरुवातीला नाही, तीन तास चालवून झाल्यावर, घरी परतताना. मधे पूर्ण विश्रांती. जिमला जायचं असेल तर जाऊ द्या, पण वर्षभर वजन उचलण्याची पद्धत शिकण्यासाठी, आकडा वाढवण्यासाठी नाही. आणि महिन्यातून एकदा त्याला दुसऱ्या कुणासाठी तरी लीड-आउट ओढायला लावा. ज्याने ४०० मीटर वाऱ्यात ओढलंय, त्यालाच चाकामागे किती वाचतं ते कळतं.

पुढच्या महिन्यातल्या टाइम ट्रायलला त्याचं नाव द्या. झाल्यावर दर ५ किलोमीटरची वेगळी वेळ आणि केडन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे) मला कळवा. एकूण वेळेपेक्षा मला शेवटच्या ५ किलोमीटरचे फेरे बघायचे आहेत.